पेटीभर गंजलेली हत्यारं: कशात भिजवायचं हे नंतर, काय भिजवायचं हे आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंद, दमट खोलीत काही वर्षं पडून राहिलेली हत्यारांची लाकडी पेटी तुमच्या हाती आली आहे. आत पाने, पक्कड, ड्रिल बिट, एक रंधा, दोन-तीन पटाशा, कानशी, बिडाचा लहान व्हाइस (वस्तू आवळून धरायचा शिकंजा) आणि सुट्या नट-बोल्टांचा डबा. सगळ्यावर लाल गंज. तुम्ही रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून पॉलिश पेपरनं घासून पाहिलं. एका पान्याला तास गेला आणि दोन दिवसांत तो पुन्हा तांबडा पडला. तर फार पैसे न घालता, घरच्या घरी, या सगळ्यासाठी सगळ्यात चांगलं ‘लिक्विड’ कोणतं?

यात तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही विचारलंय एकीबद्दलच. घासण्यात वेळ जातो, ही पहिली. ती योग्य द्रावणानं सुटते. दोन दिवसांत पुन्हा लाल झालं, ही दुसरी. तिच्यावर कुठल्याच द्रावणाचा इलाज नाही. वस्तू बाहेर काढल्यानंतरच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता यावर ती अवलंबून असते. शिवाय ‘या सगळ्यासाठी एकच’ हा आग्रह सोडा. जुनी हत्यारं खोलून, साफ करून पुन्हा चालती करणं हे माझं रोजचं काम. त्यात माझ्या हातून आजवर जे काही वाया गेलं, ते जवळपास सगळं नको ती वस्तू द्रावणात टाकल्यामुळं, नाहीतर टाकलेली वस्तू विसरल्यामुळं.

रॉकेलचं आधी सांगून टाकतो. तेल गंज विरघळवत नाही. ते फटींत शिरतं, सुटा गंज ओला करून ढिला करतं, अडकलेले आटे मोकळे व्हायला मदत करतं, बस, तेवढंच. स्प्रेच्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० सुद्धा त्याच जातीचं. त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं ‘पाणी हटवणं’ या अर्थाच्या शब्दांची आहेत आणि खरा उपयोगही तोच. मी ते वापरतो, पण सगळ्यात शेवटी. तुमचा पाना एक तास घासून निघाला तो पॉलिश पेपरमुळं. रॉकेलनं त्यात फक्त धूळ उडू दिली नाही.

आता गंज पाहून घाबरू नका, हेही सांगायला हवं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. म्हणजे पान्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचा लाल थर दिसला तर धातू त्याहून बराच कमी गेलेला असतो. याची दुसरी बाजू अशी की जो गेला तो गेला. गंज काढल्यावर खाली खड्डे दिसले तर ते द्रावणानं पडलेले नाहीत, ते आधीच होते. फक्त आता दिसले. लोक मला नेमकं याच टप्प्यावर दोष देतात.

पहिलं काम म्हणजे पेटी जमिनीवर ओतून चार ढीग करणं. साधे पाने, हातोडीचं डोकं, जाड बोल्ट, बिजागऱ्या असला दणकट माल एका ढिगात. धार असलेलं सगळं, म्हणजे रंध्याचं पातं, पटाशा, ड्रिल बिट, दुसऱ्यात. बिडाचं किंवा आकारानं मोठं, तुमचा व्हाइस आणि रंधा धातूचा असेल तर त्याचं अंग, तिसऱ्यात. आणि चौथ्या ढिगात ते, जे द्रावणात जाणारच नाही.

या चौथ्या ढिगाबद्दल जरा थांबतो, कारण इथं केलेली चूक परत फिरवता येत नाही. जस्ताचा मुलामा असलेले, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड नट-बोल्ट ॲसिडमध्ये घातले तर गंजाआधी जस्तच निघून जातं आणि गंजापासून वाचवणारा थरच तुम्ही हातानं काढून टाकता. ॲल्युमिनियमचा भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काळा पडतो, खाल्ला जातो. पितळ पोलादासोबत एकाच ॲसिडमध्ये राहिलं तर त्यावर तांबूस थर चढू शकतो. लाकडी मूठ फुगते. स्प्रिंगा, रॅचेटच्या (एकाच दिशेनं फिरवणाऱ्या पान्याच्या) पोटातल्या बारीक पट्ट्या, आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा ठोकलेले जास्त ताकदीचे बोल्ट हेही याच ढिगात. कडक पोलाद ॲसिडमध्ये राहिलं की त्यावर तयार होणारा हायड्रोजन धातूच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. बाहेरून काहीच दिसत नाही. वस्तू चकचकीत दिसते, बसते, आणि नंतर कधीतरी भाराखाली काच तुटावी तशी तुटते. माझ्याकडं एका क्लॅम्पची स्प्रिंग अशीच गेली. ॲसिडमधून काढली, धुतली, बसवली, संध्याकाळपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी हातही लावला नसताना दोन तुकडे होऊन पडलेली. तेव्हापासून स्प्रिंगा मी तारेच्या ब्रशनं आणि तेलानंच साफ करतो. आणि स्प्रिंग बदलून मिळत असेल तर साफही करत नाही, बदलतो.

ब्रेकचे भाग, उचलण्याचे हुक आणि साखळ्या, गॅसच्या किंवा दाबाच्या टाक्या यांच्याबाबत मी कोणालाच ‘असं साफ करा’ असं सांगत नाही. ज्याच्या तुटण्यानं माणूस जखमी होईल ते गंजलं असेल तर बदलायचं.

आता पहिल्या दोन ढिगांसाठी मी जे द्रावण वापरतो ते. एक लिटर तयार करायचं असेल तर १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्वाचे पांढरे दाणे, आणि ४० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा नाही, धुण्याचा. सातशे-आठशे मिलिलिटर कोमट पाण्यात आधी सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवायचं, मग सोडा चमच्या-चमच्यानं. घाई केली तर द्रावण फेसाळून बादलीबाहेर येतं. ४० ग्रॅम सोड्यातून नऊएक लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळं भांडं द्रावणाच्या तिप्पट तरी मोठं घ्या. फेस बसला की भांडी घासण्याचं पातळ साबण थोडं टाका आणि पाणी घालून लिटर पूर्ण करा. प्लास्टिकची बादली उत्तम. पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची चालणार नाही, हे वर वाचून लक्षात आलंच असेल.

सोड्याबाबत एक बारीक फसगत आहे. कोरडी पांढरी पूड मिळाली तर ४० ग्रॅम बरोबर. पण तोच सोडा काचेसारख्या खड्यांच्या रूपात मिळाला तर त्याच्या निम्म्याहून जास्त वजन आतल्या पाण्याचं असतं; तेव्हा साधारण ११० ग्रॅम लागतो. वजनकाटा नसेल आणि प्रमाण थोडं इकडंतिकडं झालं तरी आकाश कोसळत नाही.

सोडा घालायचाच कशाला, नुसतं सायट्रिक ॲसिड का नको? कारण ॲसिड दोन कामं एकदम करतं: गंज विरघळवतं आणि गंजाखालचं निरोगी पोलादही चावत राहतं. सोडा घालून त्याची आंबट धार कमी केली की दुसरं काम खूप मंदावतं. पहिलं मात्र चालू राहतं, कारण सायट्रिक ॲसिड आणि सोडा मिळून तयार झालेलं सायट्रेट गंजातलं लोखंड चिमट्यात धरल्यासारखं पकडून पाण्यात ओढून घेतं. वेळ थोडा जास्त लागतो. त्या बदल्यात, तुम्ही जेवायला गेलात आणि दोन तास उशिरा आलात तरी पटाशीची धार शिल्लक असते. बाजारात ‘ॲसिड नसलेलं’ म्हणून जे महागडं गंजनाशक द्रावण मिळतं तेही लोखंड पकडून ठेवण्याच्या याच तत्त्वावर चालतं.

किती वेळ, याचं प्रामाणिक उत्तर ‘बघत राहा’ एवढंच आहे. वरवरचा गंज एक-दोन तासांत जातो. तुमच्या वर्णनावरून पान्यांना सहा ते बारा तास लागतील असं वाटतं. जाड पापुद्रे असतील तर ते आधी तारेच्या ब्रशनं पाडा. जे हातानं पडतंय त्यावर द्रावण कशाला खर्च करायचं? ऊब असेल तर काम पटपट होतं. दर दहा अंश तापमानामागं रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणून मी बादली कोमट ठेवतो, हात सहज बुडेल इतपत. उकळवत नाही.

भिजवण्याआधीची एक पायरी लोक हमखास गाळतात: तेल-ग्रीस काढणं. द्रावण पाण्याचं आहे, तेलाखालच्या गंजापर्यंत ते पोचतच नाही. तुमचे पाने तर रॉकेलमध्ये राहिलेले आहेत. गरम पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आधी ते नीट धुवा. धुतल्यावर पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळत असतील तर तेल अजून आहे. पाणी सपाट पसरून राहिलं तर निघालं. चाचणीला पैसे लागत नाहीत.

दुसरी पायरी म्हणजे वस्तू पूर्ण बुडवणं. अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवली तर पाण्याच्या पातळीवर, हवा आणि द्रावण भेटतात तिथं, एक रेघ कोरली जाते. माझ्या पहिल्या रंध्याच्या पात्यावर ती रेघ अजून आहे. ते पातं मी व्हिनेगरमध्ये उभं ठेवलं होतं, एका रात्रीसाठी. मध्ये दुसरं काम आलं आणि चार दिवसांनी आठवलं. बाहेर काढलं तर रंग राखाडी, पृष्ठभाग खरखरीत, धार गोलसर, आणि मध्ये आडवी रेघ. घासून घासून धार आणली, पण मागची बाजू सपाट करायला पूर्ण सुटीचा दिवस गेला.

वस्तू एकमेकींवर रचू नका. टेकलेल्या जागी गंज तसाच राहतो आणि नंतर तिथं डाग उठून दिसतो. तारेत ओवून लटकवा, किंवा दर काही तासांनी बाहेर काढून ब्रश मारून, बाजू बदलून परत टाका. ब्रश मारण्यानं वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो, असा माझा अनुभव आहे. बाहेर काढल्यावर काळपट काजळीसारखं काही निघतं, ते स्टील वूलनं पुसलं की जातं. द्रावणाचा रंग आधी पिवळा, मग हिरवट-तपकिरी होत जातो. कागदावरच्या हिशेबानं १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड जास्तीत जास्त २५ ते ३० ग्रॅम लोखंड धरू शकतं. प्रत्यक्षात त्याच्या आधीच ते सुस्तावतं. म्हणजे एका लिटरमध्ये सगळी पेटी निघणार नाही, पण पहिल्या खेपेनंतर फेकूनही देऊ नका. वस्तूंवर पिवळसर साय धरू लागली आणि दिवसभरात फरक दिसेना झाला की नवं करा.

व्हिनेगरला मी वाईट म्हणत नाही. साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असलेलं व्हिनेगर घरात असतंच, आणि मूठभर जाड बोल्टांसाठी ते पुरेसं आहे. बारा ते चोवीस तास, झाकण सैल ठेवून. फक्त त्यात मीठ घालण्याचा सल्ला दिसला तर तो ऐकू नका. मिठानं वेग वाढतो हे खरं, पण मिठातलं क्लोराइड खड्ड्यांत जाऊन बसतं आणि काही आठवड्यांनी तिथूनच गंज पुन्हा डोकं वर काढतो. कानशींसाठी मात्र व्हिनेगर खास चांगलं. बोथट, दातांत गंज भरलेली कानस रात्रभर ठेवली की गंज तर जातोच, शिवाय दातांच्या दऱ्या किंचित खोल होऊन ती थोडी जास्त पकडते. तुटलेले दात परत येत नाहीत, पण फेकायला निघालेली कानस आणखी काही दिवस चालते.

कोलासारखी पेयं, बटाटा, ॲल्युमिनियमचा चांदीचा कागद (फॉइल) असले उपाय तुम्ही वाचले असतीलच. पेयात थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं, बटाट्यात ऑक्झॅलिक ॲसिडचा अंश, त्यामुळं ते अगदीच खोटे नाहीत. पण पेटीभर हत्यारं साखरेच्या चिकट पाण्यात बुडवून काय मिळवायचं? चांदीचा कागद ओला करून क्रोमच्या मुलाम्यावरचे गंजाचे ठिपके पुसायला खरंच छान आहे, कारण तो क्रोमपेक्षा मऊ असतो आणि ओरखडे पाडत नाही. मळीचं (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचं) पाणीही चालतं, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. पण त्याला एक-दोन आठवडे लागतात आणि वास असा की घरचे तुम्हाला बादलीसकट बाहेर काढतील.

हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे फरशी साफ करायचं जहाल ॲसिड, याला माझा स्पष्ट नकार. गंज काही मिनिटांत जातो, म्हणूनच मोह होतो. पण त्याच्या वाफा घशाला आणि डोळ्यांना लागतात, पोलाद झपाट्यानं खाल्लं जातं, आणि झाकण उघडं राहिलं तर त्याच खोलीतली बाकीची हत्यारं रातोरात तपकिरी होतात. एक पाना चकचकीत करायच्या नादात मी भिंतीवर टांगलेली अख्खी रांग अशी गंजवून घेतली आहे. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचच्या जवळही नेऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आता तिसरा ढीग, व्हाइस. बिडाला ॲसिडमध्ये ठेवलं तर लोखंड विरघळतं आणि बिडातला ग्राफाइट वर काळ्या मऊ थरासारखा उरतो. हात काळे, कापड काळं. शिवाय एवढी मोठी वस्तू बुडवायची तर द्रावणही बरंच लागतं. इथं मी विजेचा मार्ग घेतो. मोठी प्लास्टिकची टाकी, दर लिटर पाण्याला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. साफ करायच्या वस्तूला चार्जरची निगेटिव्ह वायर, आणि टाकीच्या कडेला ठेवलेल्या भंगार लोखंडी पट्ट्यांना पॉझिटिव्ह. वस्तू आणि पट्ट्या एकमेकांना शिवता कामा नयेत. चालू केल्यावर वस्तूवरून बारीक बुडबुडे उठू लागतात, गंज ढिला होतो, त्यातला काही काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि ब्रशनं सहज निघतो. दोन ते पाच अँपिअर प्रवाह भरपूर झाला. व्हाइसला एक रात्र लागली तरी हरकत नाही, कारण इथं वेळ झाला म्हणून वस्तू खाल्ली जात नाही. खाल्ल्या जातात त्या पट्ट्या. विसराळू माणसासाठी ही पद्धत चांगली, हे मी स्वतःकडं बघूनच म्हणतोय. फक्त वीज चालू असताना विसरून घराबाहेर जाऊ नका.

वायर उलट्या लावल्या तर मात्र व्हाइसच पट्टीचं काम करू लागतो, आणि रात्रभरात तुमच्या डोळ्यांदेखत झिजतो. चालू करण्याआधी दोनदा तपासा. दहा-पंधरा मिनिटांनी बुडबुडे जास्त कुठून येतायत ते पाहा. ते वस्तूवरून जास्त यायला हवेत. गंज पट्टीच्या समोरच्या बाजूनंच नीट निघतो, म्हणून चारी बाजूंना पट्ट्या लावा किंवा मधूनमधून वस्तू फिरवा. रंगही सुटतो. व्हाइस जुना असेल तर त्यावरच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून सुटलेला रंग ओलाच खरवडा, कोरडा घासून धूळ उडवू नका.

इथं तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही नाही. ‘गंजत नाही, टिकतं’ म्हणून लोक ते लावतात, आणि त्यातलं क्रोमियम विषारी, कर्करोगकारक रूपात पाण्यात उतरतं. पाण्यात मीठ नाही, कारण मग क्लोरीन तयार होतो. आणि टाकी मोकळ्या हवेत, कारण बुडबुड्यांमधला मोठा वाटा हायड्रोजनचा असतो. वायर काढण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी नको. आणखी एक किरकोळ अडचण: हल्लीचे ‘स्मार्ट’ चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीजच सोडत नाहीत. लोक तासभर बुडबुड्यांची वाट बघत बसतात. जुना, साधा चार्जर शोधा. कडक पोलादाच्या धारेच्या वस्तू आणि स्प्रिंगा या टाकीत नकोत. हायड्रोजन इथं थेट वस्तूवरच तयार होतो.

हातानं घासणं पूर्ण टळत नाही, पण ते शेवटी, थोडंसं. ड्रिलला लावायचा तारेचा गोल ब्रश वापरणार असाल तर चष्मा हवाच. त्यातून सुटणाऱ्या तारा सुईसारख्या उडतात. सैल हातमोजे घालून फिरत्या ब्रशजवळ जाऊ नका. व्हाइसच्या सरकत्या जागा, मायक्रोमीटर किंवा काटकोन असलं मापाचं काही असेल तर पॉलिश पेपर अजिबात नको. पेपर गंज आणि धातू यांत भेद करत नाही, आणि मापाच्या हत्यारात शतांश मिलिमीटरही मोलाचा असतो.

आता त्या दहा मिनिटांकडं, कारण तुमचा पाना इथंच हरला. नुकतं गंज काढलेलं पोलाद अगदी उघडं असतं. त्यावर ना तेल, ना ऑक्साइडचा जुना थर. ओलं तसंच ठेवलं तर डोळ्यांसमोर नारिंगी होतं, कधी कधी पाच मिनिटांत. म्हणून द्रावणातून वस्तू काढायच्या आधी पुढची सगळी तयारी मांडून ठेवायची. शेजारी साध्या पाण्याची बादली, तिच्या पुढं सोड्याच्या पाण्याची (लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा), मग गरम पाणी, कोरडं कापड, केस वाळवायचा ड्रायर आणि तेलाची बाटली. एका वेळी दोन-चारच वस्तू काढा. धुवा, ब्रश मारा, सोड्याच्या पाण्यात बुडवा, म्हणजे खड्ड्यांत अडकलेलं ॲसिड निवतं आणि अल्कधर्मी पाण्यात पोलाद लगेच गंजत नाही. मग गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. वस्तू स्वतः गरम झाली की पुसल्यावर उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. आटे, भोकं आणि पक्कडीचा सांधा यांवर ड्रायर मारा, आणि वस्तू अजून कोमट असतानाच तेल लावा. कोमट धातूवर तेल पसरतं आणि बारीक खड्ड्यांत शिरतं. पाणी हटवणारा स्प्रे मारायची जागाही हीच, सांध्यांमध्ये आणि आट्यांमध्ये.

शिलाई मशिनचं पातळ तेल रोजच्या हत्यारांना पुरतं. क्वचित वापरायच्या वस्तूंना घट्ट मेण किंवा पेट्रोलियम जेली बरी, कारण पातळ तेल काही महिन्यांत ओघळून जातं. जवसाचं तेल लावलं तर त्याचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

रंग द्यायचा असेल तर मात्र तेल नको, आणि सोड्याचा पांढरा अंशही नको. व्हाइसच्या अंगाला मी तसंच करतो: धुवून, वाळवून लगेच प्राइमर, सरकत्या भागांना तेल. खड्ड्यांच्या तळाशी गंज राहिलाच असेल तर त्यासाठी ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळतं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं आणि ते उरलेल्या गंजाला काळपट, स्थिर थरात बदलतं. ते रंगाखाली लावायचं असतं. चकचकीत पोलादावर ते लावून काहीच साधत नाही, त्याला काम करायला गंज लागतो. रंगायच्या नसलेल्या पान्यावर तर उगाच लावू नका, काळे डाग पडतील.

तर तुमच्या पेटीपुरता क्रम असा: ढीग करा, खोलता येईल ते खोला, तेल धुवा. पाने, पक्कड आणि साधे बोल्ट सायट्रिक-सोड्याच्या द्रावणात रात्रभर. पक्कडीला परतवणारी स्प्रिंग असेल तर ती आधी काढा. पटाशा, पातं आणि ड्रिल बिट त्याच द्रावणात, पण तुम्ही जागे असताना, दर तासाला बघत. कानशी व्हिनेगरमध्ये. व्हाइस विजेच्या टाकीत. स्प्रिंगा आणि मुलाम्याच्या वस्तू कोरड्या ब्रशनं.

वापरलेलं द्रावण टाकण्याआधी त्यात धुण्याचा सोडा घाला, फेस येणं थांबेपर्यंत, आणि भरपूर पाण्यासोबत ओतून द्या. विजेच्या टाकीतला लाल गाळ गाळून घ्या, वाळवा, कचऱ्यात टाका.

सगळं झाल्यावर हत्यारं परत त्याच पेटीत, त्याच खोलीत ठेवलीत तर आपण दोघांनी वेळ घालवला. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली की पोलाद झपाट्यानं गंजू लागतं, आणि काही लाकडांतून सुटणारी ॲसेटिक ॲसिडची वाफ बंद पेटीत भर घालते. घामेजल्या बोटांचे ठसेही पुरतात. तेल लावल्यावर उघड्या हातानं हाताळलेल्या पटाशीवर महिन्याभरानं अंगठ्याचा हुबेहूब गंजलेला ठसा उमटलेला मी पाहिला आहे. पेटी आतून वाळवा, हत्यारं तेल लावलेल्या कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून तापवून परत वापरा. खोली बदलता आली तर त्याहून उत्तम.

आणि पहिल्याच दिवशी अख्खी पेटी बुडवू नका. ज्याचं वाईट वाटणार नाही असा एक पाना आणि मूठभर बोल्ट टाका, तासातासानं काढून बघा. तुमचं पाणी, तुमच्या हवेतली ऊब आणि तुमचा गंज यांना किती वेळ लागतो हे त्या पान्यावरून कळेल, तोवर रंध्याचं पातं पेटीतच राहू द्या.